अंगणभर साळुंकी

खंडेनवमीच्या सकाळी साळुंकी अंगणभर पसरलेली होती.

तिचं धूड चिंचेखाली उभं होतं, बॉनेटचा जबडा वर करून. आणि पोटातलं सारं गोणपाटांवर मांडलं होतं. गोल, लांब, दातेरी, भोकंभोकं असलेलं, काळ्या तेलात निथळणारं. फांदीतून उन्हाची तिरीप आली की एखादा तुकडा लखकन डोळा उघडायचा. घरातलं माणूस येता-जाता थबकत होतं. जिच्यात बसून एवढी लग्नं गाठली, अडलेल्या बाळंतिणी मिरजेला नेल्या, तिच्या पोटात एवढा संसार होता, हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

मोटार सुभेदारांची. लढाईवरून परतल्यावर पुण्याचा एक गोरा साहेब विलायतेला निघाला, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली होती. रंग तपकिरी-काळा, दिव्यांभोवती पितळी कडी. हिवरवाडीच्या बायांनी तिचे ते पिवळे डोळे पाहिले आणि त्याच दिवशी नाव ठेवलं, साळुंकी. सुभेदार गेल्या उन्हाळ्यात गेले, आणि साळुंकीला तहान लागली. मळ्यापर्यंत गेली तरी कळशीभर पाणी पिऊन टाकायची. खाली थेंब सांडलेला नसायचा. पाणी जातं कुठं, ह्यावर घरात रोज नवा तर्क. अखेर थोरल्या लेकानं, बाळासोनं, अष्टमीला इस्लामपूरहून ज्ञानू मिस्त्रीला आणलं. मिस्त्रीनं दिवे लागेपर्यंत साळुंकी मोकळी केली. आणि आज सकाळी आंघोळ करून, आपले पाने, पक्कड, हातोडी धुऊन पुसून त्यानं पाटावर ओळीनं मांडली, हळदकुंकू वाहिलं, आणि हात जोडून ओसरीवर बसला तो बसलाच.

“उठा की मिस्त्री,” बाळासो म्हणाला.

“कुठं उठू?”

“जोडा की ती आता.”

“आज?” मिस्त्रीनं जीभ चावली. “मालक, खंडेनवमी न्हवं का? आज हत्याराला हात लावत न्हाईत. उद्या सकाळी पुजा हलीवली की जोडतो.”

बाळासोनं कपाळावर हात मारला. देवघरात विळे, खुरपी, सुभेदारांची तलवार त्यानं स्वतःच्या हातानं मांडली होती. नांगराच्या फाळाला झेंडूची माळ घातली होती. पण पाना हेही हत्यारच, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“धाकटा येतोय सांगलीवरनं,” तो पुटपुटला. “त्यानं ही अशी बघितली तर...”

तोवर बाळासोची आई राहीबाई ताम्हण घेऊन पायरीवर आली होती. दर खंडेनवमीला सुभेदारांमागून ती असंच ताम्हण घेऊन यायची. ते साळुंकीच्या कपाळावर गंध ओढायचे, ती कुंकू लावायची. आज ती गोणपाटापाशी येऊन उभी राहिली आणि तिचा हात हवेतच राहिला.

“मिस्त्री, ह्यातली गाडी कंची रं?”

“म्हंजी?”

“कुकू कुठं लावू? त्या धुडाला लावू, का ह्या पसाऱ्याला?”

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. असा प्रश्न त्याला गिऱ्हाइकानं कधी केला नव्हता. “आवं काकी, त्ये धूड बी गाडीच... पर चालती ती ह्याच्यानं. आता ह्यातलं नेमकं कंचं म्हणू?”

“मग समद्यालाच लावती,” राहीबाई म्हणाली, आणि फतकल मारून बसली.

तिनं एकेक तुकडा जवळ ओढला. ह्यो काय? पिस्टन. ह्यो काय करतो? वर-खाली पळतो. दिसभर? चालती तवर. आन ही कांब? तिच्यामुळं चाकं फिरत्यात. प्रत्येक उत्तराला ती मान हलवायची, तुकडा उचलून उलटासुलटा करायची, आतल्या भोकाला डोळा लावायची, आणि मग कुंकवाचं बोट टेकवायची. जणू आंब्याच्या पाटीतला एकेक आंबा दाबून बघावा. बाळासोची बायको चंद्राबाई झेंडूची परडी घेऊन मागं उभी होती. तिला वाटलं, आत्याबाई काहीतरी शोधताहेत.

*

लालासाहेब फाट्यावर एस.टी.तून उतरला तो घाईतच. सांगलीत त्याचं खताचं दुकान होतं, चार माणसांत उठबस होती, आणि खिशात बातमी होती. फियाटसाठी वडील असतानाच नाव नोंदवलं होतं. वर्षांमागून वर्षं गेली, आणि आता नंबर लागला. दसऱ्यानंतर लगेच हो म्हणायचं. नाहीतर गाडी यादीतल्या पुढच्या माणसाच्या दारात.

वाटभर तो मनाशी बोलणी जुळवत होता. दादाला आधी काय सांगायचं, आईला कसं. अंगणात पाऊल टाकलं आणि ती सगळी जुळणी गळून पडली.

“हे काय केलंस दादा?”

“दुरुस्ती.”

“ही दुरुस्ती? तू तर सोलून वाळत घातलीस की तिला!”

“व्हईल जोडून. मिस्त्रीला आज हत्यार धरता येत न्हाई.”

“उद्या जतचा बसाप्पा येणार आहे बघायला. त्याला काय परातीतनं दाखवू?”

“कंचा बसाप्पा? आन काय बघायला?”

“गाडी. त्याला तिकडं माळावरच्या लग्नांना भाड्यानं फिरवायची आहे. दादा, आपली फियाट आली. नंबर लागला.”

बाळासो पुढं आला. “आबांची गाडी तू परस्पर इकलीस?”

“विकली नाही. बघायला ये म्हटलं.”

“मला इचारलंस?”

“त्यानं मला इचारलं,” ओसरीवरून आवाज आला. थोरली बहीण शालूबाई, घरादाराची अक्का. फलटणहून नवरात्राला माहेरी आली होती आणि घटापुढची राखण करीत ओसरीवर ठाण मांडून होती. “मीच म्हणलं, घाल एकदाची बाहीर. आवं, आबा हाकत हुतं तवा माझ्या दिराच्या पोराच्या लग्नाला आलासा. आठवतंय का?”

“अक्का, ती गोष्ट आता...”

“म्हागं टाकू म्हणतूस? फलटणच्या येशीपास्नं माझ्या दिरांनी ढकलत आणली तुमची साळुंकी. फुडं वाजाप, म्हागं माझ्या माहेरची मोटार! सनईवाला वाजवायचं थांबून वळून बघाय लागला. अजून जावा इचारत्यात मला, शालूबाई, मोटार न्हाई का आणली ढकलाय?”

मिस्त्री खाली मान घालून हसला. बाळासोच्याही ओठाला मुरड पडली. पण ती त्यानं आवरली.

“आबा तीत मिरजेला गेलं शेवटचं,” तो म्हणाला. “मागच्या सीटवर डोकं टेकून. आन तू म्हणतूस इकायची.”

 लालासाहेबाला त्या दिवसाचं आठवत होतं ते एवढंच, की तो सांगलीहून थेट मिरजेला पोचला तेव्हा साळुंकी दवाखान्याच्या दारात उभी होती. ती तिथवर कुणी आणली, हे विचारायचं तेव्हा सुचलं नव्हतं. नंतर कधी विचारलं नाही.

*

दुपारी जेवणं झाली, पुरुष माणसं चिंचेच्या पलीकडच्या सावलीला लवंडली. चंद्राबाई एक जुनेरं घेऊन गोणपाटापाशी बसली. पाना धरायचा नव्हता, पण कुंकू वाचवून पुसायला कुणाची मनाई नव्हती.

पुसता पुसता तिला आठवलं, सुभेदारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला ते साल होतं. ऊस तुटून मळा रिकामा पडला होता, खोडवं अजून वर आलं नव्हतं. “सूनबाई, जरा हिकडं बस,” ते म्हणाले होते, आणि स्वतः शेजारच्या सीटवर गेले होते. ड्रायव्हर ठेवायचा त्यांना राग. लेकांतला थोरला बैलगाडीचा माणूस, धाकट्यानं एकदाच चाक हातात घेतलं आणि गाडी पाटात घातली. उरली सून. पलटणीतल्या रंगरुटाला शिकवावं तसं त्यांनी तिला शिकवलं. डावा पाव दबाव. छोड. आहिस्ता. लांबून बघणाऱ्याला पटक्याचा तुरा दिसायचा, आणि वाटायचं, सुभेदार गाडी हाकताहेत. त्या तुऱ्याच्या आडोशाला चंद्राबाई मळ्याचे बांध, विहिरीची वाट, ओढ्यापर्यंतची पांदीची अरुंद वाट, सारं हाकत गेली. घरात ठाऊक होतं. पण त्याला नाव नव्हतं. “गाडी जरा हलीवती,” एवढंच म्हणायचे. सुभेदार गेल्यावरही ती हलवत राहिली. जुनी, खोकणारी, तहानलेली गाडी. तिच्यापायी कुणी वाद घालत नव्हतं.

नवी गाडी कुणी हलवायला देणार नव्हतं. हे तिला सकाळी फियाटचं नाव निघालं त्याच वेळी कळलं होतं. नवी गाडी सांगलीला राहील, तिला कुलूप असेल, आणि किल्ली भावजींच्या खिशात.

“त्ये काय म्हणायचं गं?” अक्का येऊन शेजारी टेकली होती.

“ह्ये? हेडच्या मधली पत्र्याची चकती. गॅस्केट म्हणत्यात. ही फाटली हुती. पाणी हितनं आत जायाचं, आन वाफ हुन धुरातनं बाहीर. म्हणून सांडायचं न्हाई.” चंद्राबाईच्या डोळ्यांत हसू आलं. “मी म्हणत हुते पंप गळतोय. साफ चुकलं वन्सं माझं. काल मिस्त्रींनी दावलं तवा मला किती येळ झोप न्हाई. पाणी धूर हुन जातंय, आन आमी खाली वाकून जिमीन बघतूय!”

अक्का तिच्याकडे बघत राहिली. घरात इतकी वर्षं वावरलेली ही भावजय. मीठ संपलं, पीठ दळायचं, याच्यापलीकडे तिच्या तोंडून एवढं एका दमात कधी ऐकलं नव्हतं.

“चंद्रा, तू नुसती हलीवत न्हाईस ही.”

चंद्राबाईनं पिस्टन पुसायला घेतला.

“आबांना मिरजेला कुणी नेलं?”

“ह्यांस्नी यायचं न्हाई. भावजी सांगलीला. मामंजी मागं, आत्याबाई त्यांचं डोकं धरून.” तिनं पिस्टन पुसून खाली ठेवला. “परत येताना आत्याबाई म्हणल्या, कुठं बोलू नगंस. न्हाई बोलले.”

अक्कानं पदराचं टोक तोंडात धरलं, सोडलं. मग एकदम खाली झुकून, शेजारणीचं गुपित विचारावं तशा आवाजात म्हणाली, “कसं वाटतं गं?”

“कसं म्हंजी?”

“हाकताना. आतनं. मी जलमभर म्हागं बसले. म्हागं बसलं की झाडं म्हागं पळत्यात. फुडं बसून काय दिसतं?”

चंद्राबाईनं विचार केला. खरंच विचार केला. “फुडं बसलं की वाट हातात येती. दळताना खुट्टा धरतूय न्हवं, तसं. पर जातं जाग्यावरच फिरतं.”

“मला बसीव की.”

“आत? आवं इंजनच न्हाई तीत!”

“मग बरंच हाय. कुठं धडकायचं भ्या न्हाई.”

दोघी उठल्या. अक्का पातळ सावरत चाकामागं बसली, चंद्राबाई शेजारी. इंजिन नसलेल्या मोटारीत, चिंचेच्या सावलीत, अक्कानं चाक फिरवलं. फलटण गाठलं, जावांच्या दारावरून दोनदा गेली, हॉर्न म्हणून तोंडानंच पों केलं. चंद्राबाई सांगत होती, आता डावा पाय, आता सोडा, आवं एवढं नगं. हसता हसता अक्काच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि सवयीनं तिच्या तोंडून ओवी सुटली:

“साळुंके काळे बाई, पिवळं तुझं डोळं
भावजय हाकी तुला, मागं धुरळ्याचं जाळं.”

पलीकडं पडलेल्या लालासाहेबानं डोळे किलकिले केले. गाडीत बायका काय करताहेत, हे त्याला उमगेना. पण डाव्या पायाचं जे चाललं होतं ते त्यानं ऐकलं, आणि परत झोप लागली नाही.

*

संध्याकाळी घटापुढं दिवा लागला, आरती झाली, आणि सगळी ओसरीवर बसली. समोर गोणपाटावर कुंकवाच्या टिकल्या लावलेली साळुंकी.

“मिस्त्री, खरं सांगा,” लालासाहेबानं सुरुवात केली. “वाचेल का?”

“वाचंल की. उद्या जोडली की चालू हुईल.”

“किती वर्षं?”

“ती मला इचारू नका. सामान मिळत न्हाई हिचं. ही चकती मी हातानं कापून घालतोय. लय चालंल, न्हाईतर न्हाई चालायची.”

“ऐकलंस दादा?”

“ऐकलं. चालंल म्हणला.”

“न्हाई चालायची असंही म्हणाला.”

“तुला त्येवढंच ऐकू येतं,” बाळासो तडकला. “आबांची एक वस्तू ह्या घरात...”

“इका,” राहीबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती भिंतीला टेकून वाती वळत होती. हात थांबले नव्हते.

“आई, तू म्हणतीस?”

“मी म्हणती. सकाळी समदं बघितलं मी. एकेक तुकडा हातात घेतला, आत बघितलं. म्हणलं, एवढा जीव हुता त्यांचा हिच्यात, कुठंतरी असत्याल.” तिनं वात दुमडली. “न्हाईत. कुठंच न्हाईत. लोखंड हाय समदं. चांगलं लोखंड हाय. इका.”

बाळासोची मान खाली गेली. त्याच्या बाजूला आता कुणीच नव्हतं, आणि लालासाहेबाला जिंकल्याचा आनंद होईना. जिंकणं एवढ्या हळू आवाजात यावं, ह्याला त्याची तयारी नव्हती.

“झालं मग,” तो म्हणाला.

“कुठं झालं?” अक्का पुढं सरकली. “नवी कुठं राहायची?”

“सांगलीत. इथं पांदीतनं नवी गाडी कशी आणणार? लागेल तेव्हा येईलच की.”

“आन हाकणार कोण? तू?”

“ड्रायव्हर ठेवायचा.”

“घरात एक असताना?”

मिस्त्री उठून पाणी प्यायला गेला. बाळासोनं बहिणीकडे रोखून पाहिलं, पण अक्का थांबणारी नव्हती. तिनं मिरजेचं सांगितलं, मळ्याचं सांगितलं, तुऱ्याचं सांगितलं.

लालासाहेब वहिनीकडे बघत राहिला. स्वयंपाकघराच्या दाराशी, पदर कपाळापर्यंत. “वैनी, मिरजेला तुम्ही...?”

“व्हय भावजी.”

“रहदारीतनं?”

“लय न्हवती. पुलावर तेवढी अडचण झाली, म्हशी हुत्या.”

त्याला आणखी विचारायचं होतं. पुलावर काय केलंत, म्हशींनी काय केलं. पण मध्येच त्याला सांगलीतली ओळखीची माणसं दिसली, दुकानासमोर थांबलेली, नव्या गाडीकडे आणि तिच्या चाकामागच्या पदराकडे बघत असलेली. “हे बघा, इथं शेतात ठीक आहे,” तो म्हणाला. “तिकडं लोक... दादा, तूच सांग.”

आणि बाळासो, जो सकाळपासून साळुंकीसाठी भांडत होता, तो म्हणाला, “त्याचं खरं हाय. शेतातलं येगळं.”

दिवसभरातलं हे पहिलं वाक्य, ज्यावर दोघा भावांचं जमलं. चंद्राबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. गाडी राहावी म्हणून तो बोलत होता तेव्हा तिला वाटलं होतं, त्याला कळलंय. त्याला बापाची गाडी हवी होती.

“आवं, मला जुनीच पायजे असं न्हाई,” ती सावकाश म्हणाली. “नवीचा बी हट्ट न्हाई. मला हाकायची हाय. कंची का असंना.”

 अक्कानं तोंड उघडलं, राहीबाईनं डोळ्यानं तिला दटावलं. वाती वळून झाल्या होत्या.

*

दसऱ्याला पूजा हलली आणि मिस्त्रीचे पाने बोलू लागले. उन्हं माथ्यावर यायच्या आत साळुंकी एक झाली. ज्याच्यावर कुंकू होतं तो तुकडा कुंकवासकट आत गेला. हँडल मारल्याबरोबर ती खाकरली, थरथरली, आणि असा काही सूर धरला की ओसरीवरची राहीबाई उठून उभी राहिली.

जतचा बसाप्पा उंच, काळा, पांढऱ्या पटक्याचा माणूस. त्यानं बैल बघावा तशी गाडी बघितली. भोवती एक फेरा, टायरांना खुरासारखी थाप, दिव्यांच्या कड्यांवरून हात. “छलो हाय री, चांगली हाय,” तो कानडी हेलात म्हणाला. “पर आमच्याकडं चढ लय. ओढ्याची चढण चढून दावा. मग बोलू.”

ओढा ही हिवरवाडीची शीव. पांद खाली उतरून पाण्यातून जायची आणि पलीकडे भिंतीसारखी उभी राहायची. मिस्त्री चाकामागं बसला. सगळं घर मागोमाग ओढ्यापर्यंत चालत गेलं. साळुंकी पाण्यातून गेली, चढाला लागली, मध्यावर गिअरनं कर्रकन दात खाल्ले आणि ती गप्प झाली. सरकत मागं पाण्यात. पुन्हा चढली, पुन्हा दात खाल्ले, पुन्हा मागं. तिसऱ्या वेळी मिस्त्री घाम पुसत उतरला.

“इंजनात काय खोट न्हाई,” तो म्हणाला. “पर हिची काय तरी खोड हाय. मला गावंना.”

बसाप्पानं पटका सारखा केला. “ऱ्हाऊ दे री. दसऱ्याच्या दिवशी उगं कशाला...”

“भंगारातच घालायची मग,” लालासाहेब स्वतःशी म्हणाला.

चंद्राबाई काठावर उभी होती. तिला ती खोड ठाऊक होती. चढण लागल्यावर पहिला गिअर पडत नाही. तो पाण्यात असतानाच टाकायचा, क्लच दोनदा दाबून. आपण इथं अशीच उभी राहिलो तर बसाप्पा जाईल. गाडी आणखी महिना, दोन महिने चिंचेखाली राहील. हलवायला मिळेल. एवढा सरळ हिशोब तिनं मनात मांडला, आणि तो मांडत असतानाच तिला दिसलं की आपण दुसऱ्याच गोष्टीकडे बघतोय. नवी चकती. घासलेले व्हॉल्व. आता धुरातनं पाणी जात नसेल, तर सगळी ताकद चाकाला जाईल. मग ही चढण कशी चढेल? एका दमात? तिला बघायचंच होतं.

तिनं पायातल्या वहाणा काढल्या, अक्काच्या हातात दिल्या, आणि पाण्यात उतरली.

“अगं...” बाळासो म्हणाला.

“जाऊ दे तिला,” राहीबाई म्हणाली.

बसाप्पा शेजारी बसला. लालासाहेब धावत येऊन मागच्या दारातून आत शिरला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. चंद्राबाईनं चोक बोटभर ओढला. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. साळुंकी पाणी कापत निघाली आणि चढाला लागली. नाक आभाळाकडं, समोर वाट नाही, नुसतं निळं. मग टकटक वाजणारा तिचा सूर एकदम भरला, आणि ती वर आली. पलीकडं. सपाटीला.

काठावरून अक्काची आरोळी आली.

चंद्राबाई थांबली नाही.

“बास वैनी,” मागून लालासाहेब म्हणाला. “फिरवा आता.”

“फिरवायला जागा फुडं हाय.”

पुढं जोंधळ्याची शेतं होती, त्यांच्याही पुढं डांबरी सडक. सोनं लुटायला शिवेकडं निघालेली माणसं बाजूला झाली, वळून बघत राहिली. बसाप्पा पटका धरून बसला होता आणि हसत होता. “घेतो री, घेतो,” तो म्हणाला. “पर अव्वा, आमच्या ड्रायव्हरला ही खोड शिकवायला पाय‌जे तुमी.”

“पाठवा. शिकवीन की.”

लालासाहेब पुढच्या सीटवर हात टेकून वाकला होता. सांगलीची माणसं त्याला अजून दिसत होती, पण त्यांच्यापुढं आता एक उघडा पाय होता, क्लचवर, उचलायचा-टेकवायचा. तो त्या पायाकडे बघत होता. “दोनदा का दाबलात?” त्यानं विचारलं.

“एकदा दाबून ती ऐकत न्हाई.”

“आणि नवी गाडी? तिलाही दोनदा?”

“ठावं न्हाई भावजी. मी नवी हाकलीय कवा?”

 सडक जवळ आली. इथून डावीकडं सांगली. चंद्राबाईनं गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबला, पण इंजिन चालूच ठेवलं. 

“वैनी,” अखेर लालासाहेब म्हणाला, “नवी गाडी सांगलीहून घरी आणायची, तर कुणीतरी हाकत आणायला पाहिजे. ते काम मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.”

चंद्राबाई समोर बघत होती. चाकावरचे तिचे हात हलले नाहीत.

“लायसनीला फोटू लागतो म्हणत्यात,” ती म्हणाली. “त्यो पदर घेऊन काढत्यात, का बिनपदराचा?”

लालासाहेबानं विचार केला. 

“मला माहीत नाही वैनी,” तो म्हणाला. “विचारायला जाऊ. दोघं.”